पहिल्या खेपेचा गाळ

तारीख ठरत नव्हती, म्हणून वाईन बुधल्यात बसून राहिली.

पुढच्या अंगणातला लहान वेल आधी पिकायचा. त्याच्या द्राक्षांची पहिली खेप आईने नेहमीप्रमाणे एकटीनेच लावली होती, बाजारातून आणलेली यीस्टची पुडी टाकून. ती आंबून शांत झाली की वरची वाईन नळीने काढून घ्यायची आणि तळाशी उरलेल्या गाळावर मागच्या मोठ्या मांडवाचा रस ओतायचा. मोठ्या खेपेला मग वेगळी पुडी लागत नाही. गाळातलं यीस्ट जिवंत असतं, ते बसल्या जागी नवं काम सुरू करतं. या घरात हे कुणाला शिकवावं लागत नसे. मात्र गाळ ताजा हवा, आणि रस काढायला तिन्ही भावंडं एका रविवारी हजर हवीत. घोडं तिथेच अडलं होतं. थोरल्याला कुठल्या तरी हॉटेलचा फ्रीज बंद पडल्याचं निमित्त मिळालं, नंतर धाकट्याचा टेम्पो गॅरेजमध्ये गेला, आणि त्यानंतर चष्मेवालीनेच "पुढच्या रविवारी बघू" म्हणून अंग काढून घेतलं. तिला थोरल्याचं तोंड बघायचं नव्हतं.

चष्मेवालीला स्वतःला चष्मा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणून हे नाव भावांनी ठेवलेलं, आणि पुढे आईनेही उचललेलं. थोरल्याशी तिचं बिनसलं होतं ते आईच्या नाकावरून. तो एकदा सहज डोकवायला आला, तर स्वयंपाकघरात गॅस कोंडलेला. बटण अर्धवट फिरलेलं, आणि आई टेबलाशी बसून शेंगा सोलतेय, चांगली गुणगुणत. त्याने आधी खिडक्या उघडल्या, मग आवाज चढवला. आई म्हणाली, सर्दी झालीय. थोरल्याने त्याच संध्याकाळी दोघांना फोन करून सांगितलं, की आईला आता एकटं ठेवायचं नाही. ती माझ्याकडे येईल, हे घर बंद करू.

"सर्दीच होती," चष्मेवाली तेव्हापासून प्रत्येकाला सांगत होती. "आईचं नाक ठणठणीत आहे."

नाक ठणठणीत नव्हतं. तिला ते हिवाळ्यापासून ठाऊक होतं. दूध करपून घरभर वास सुटला, तरी आई पाठमोरी बसून राहिली होती. दुकानात येणारी म्हातारी माणसं तक्त्यावरची खालची ओळ पाठ करून येतात आणि डोळे मिटूनसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतात. चष्मेवाली अशांना पटकन ओळखायची, हसायची आणि दुसरा तक्ता लावायची. आईच्या बाबतीत तिने दुसरा तक्ता कधी लावला नाही. "मला इथून हलवू नका गं," असं आई एकदा म्हणाली होती, तेवढ्यावर ती अडून बसली. शिवाय एक गोष्ट होती जी ती कुणापाशी बोलली नसती. आई थोरल्याकडे गेली, की तिला आईला भेटायला वहिनीच्या घरी जावं लागलं असतं, पाहुणी म्हणून.

तर शेवटी एकदाचा रविवार ठरला.

मांडवाखाली धाकटा शिडीवर चढून घड कापत होता आणि वहिनी खाली टोपली धरून उभी होती. वहिनी शाळेच्या कार्यालयात कामाला. नोटीस वाचून दाखवावी तसं बोलायची, आणि मनात आलेलं तोंडावर यायला तिला वेळ लागत नसे. आईचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने सासूच्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं होतं, आणि आईने ते आजवर विसरलेलं नव्हतं.

"हे घड थोडे जास्तच पिकलेत," वहिनी म्हणाली. "आधी यायला हवं होतं आपण."

"कोण नव्हतं येत?" चष्मेवाली पुटपुटली.

"सगळेच, वन्सं. तुम्हीसुद्धा."

धाकटा शिडीवरून म्हणाला, "वहिनी, तुम्ही न्यायाधीश का नाही झालात? माझ्या बायकोसकट आम्हा सगळ्यांना फाशी दिली असती तुम्ही."

"बायको आधी कर, मग बघू," वहिनी म्हणाली. तो हसला. चष्मेवालीलाही हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं.

आत थोरल्याने बुधला उचलून उंच स्टुलावर ठेवला होता. काचेचा, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा. खाली धुतलेल्या बाटल्यांची रांग. तो नळी स्वच्छ करत होता, फ्रीजच्या नळ्या करतो तशाच काळजीने, फुंकून आणि उजेडाकडे धरून. आई आतल्या खोलीत कपडे बदलत होती. तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला.

"नाक ठणठणीत आहे ना तिचं?"

"आहे."

"ठीक. आज गाळाचा वास तीच घेणार आहे, दरवर्षी घेते तसा. चांगला आहे की फेकायचा, ते तीच सांगेल. तिला कळलं, तर मी हा विषय बंद करतो. तुझ्यादेखत सांगतो."

"आणि नाही कळलं तर?"

"मग तू मधे पडायचं नाहीस."

चष्मेवालीने मान हलवली. गाळ चांगलाच असणार, असं तिने धरून चाललं होतं. आजवर कधी बिघडला नव्हता. आई वाकून वास घेईल, चांगला आहे म्हणेल, आणि तो चांगलाच निघेल. यात फसवणूक कसली?

आई आली. बाही वर सारून टेबलाच्या टोकाशी उभी राहिली, दरवर्षी राहायची तिथेच. थोरल्याने नळी ओढली आणि वाईन खाली उतरू लागली, फिकट गुलाबी, नितळ. बाटल्या भरत गेल्या. धाकटा द्राक्षांची बादली घेऊन आत आला आणि एक घोट घेऊन म्हणाला की यंदा बरी उतरलीय, मागल्या वर्षीसारखी जीभ सोलत नाही. आई खूश झाली.

"तळाला थोडी राहू दे रे," ती थोरल्याला म्हणाली. "गाळ कोरडा पडू द्यायचा नाही."

त्याने नळी काढली. बुधला खाली घेऊन हलकेच फिरवला, तसा तळाचा करडा थर सुटून घट्ट पिठासारखा हलू लागला. त्याबरोबर वास वर आला.

नासक्या अंड्यांचा वास होता तो. वरच्या वाईनमध्ये त्याचा मागमूस नव्हता, पण ढवळलेल्या गाळातून तो असा उसळला की चष्मेवालीचा श्वास अडकला. उन्हाळ्यात तापलेल्या त्या खोलीत गाळ वाईनखाली नको इतके दिवस बसून राहिला होता. ती मागे सरणार होती, सरली नाही. तिने थोरल्याकडे पाहिलं. त्याच्या नाकपुड्या क्षणभर फुलल्या आणि मग तोही तिच्याकडे बघत राहिला. धाकट्याच्या हातातली बादली हवेतच थांबली.

थोरला जिंकला होता. आता फक्त आईने वाकायचं बाकी होतं.

आई वाकली. बुधल्याच्या तोंडाशी नाक नेऊन तिने खोल श्वास घेतला, डोळे मिटून. मग मान वर केली आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. आधी थोरल्याकडे, मग धाकट्याकडे, मग चष्मेवालीकडे. बराच वेळ बघितलं. चष्मेवालीला वाटलं, आई आपल्या होकाराची वाट बघतेय. तिने चेहरा सरळ ठेवला, अगदी प्रयत्नाने.

"चांगला वाटतोय," आई म्हणाली. आणि पुन्हा थांबली.

आता थोरला बोलणार. पण थोरला नुसताच खाकरला.

"झकास आहे," चष्मेवाली म्हणाली.

"एक नंबर," धाकटा म्हणाला, आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

थोरल्याने बुधल्याकडे बघत म्हटलं, "हं."

त्याच वेळी वहिनी टोपली घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. "अहो, पण हा कसला..."

"वहिनी," चष्मेवाली तिचं बोलणं तोडून म्हणाली, "ती मोठी चाळण मांडवाखालीच राहिली बघा. आणता का जरा?"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. थोरल्याने नजर वर केली नाही. वहिनी टोपली खाली ठेवून बाहेर गेली. ती परत येईपर्यंत गाळ मोठ्या पिंपात गेला होता, त्यावर चुरडलेल्या द्राक्षांची पहिली बादली पडली होती आणि आई लाकडी दांड्याने ढवळत होती.

नंतर सगळा मांडव त्यात गेला. वर्षभराची द्राक्षं.

मागच्या नळाशी हात धुताना थोरला आणि ती पहिल्यांदाच एकटे सापडले.

"का नाही बोललास?" तिने विचारलं.

"तू का नाही बोललीस?"

"माझं सोड. तू तर जिंकला होतास."

थोरला नखातला द्राक्षांचा चोथा काढत राहिला. "असं तोंड वर करून बघत होती गं ती. सगळ्यांसमोर काय सांगू, की तुला काही कळत नाही? नाही जमलं." मग म्हणाला, "वास जातोही कधीकधी, आंबायला लागल्यावर. धाकटा म्हणत होता."

"धाकट्याला काय कळतंय?"

"जाईल. नाही गेला, तर म्हणू द्राक्षं जास्त पिकली होती." त्याने हात झटकले. "राहू दे तिला इथेच. गॅसऐवजी विजेची शेगडी बसवून देतो मी. तू येऊन बघत जा मात्र."

तिला एकदम भरून आलं. इतके दिवस ज्याच्याशी ती फोनवर दातओठ खाऊन भांडली, तो तिच्याच बाजूला येऊन उभा होता. तिने ओल्या हातानेच त्याच्या दंडावर चापट मारली. तो म्हणाला, "शर्ट भिजवलास की," आणि हसला.

जेवायला सगळे एकत्र बसले आणि कुणी कुणाला टोचून बोललं नाही. धाकट्याने टेम्पोतून कपाट उतरवताना गिऱ्हाइकाच्या सासूला कसं आत अडकवलं ती गोष्ट रंगवून सांगितली. थोरल्याने आईच्या ताटात स्वतःहून वाढलं. फक्त वहिनी गप्प होती, आणि आई मधूनमधून तिच्याकडे बघत होती. पुढे चष्मेवालीला तो दिवस आठवला की जेवणाची ती वेळच मनाला जास्त लागायची. सगळे किती गोड वागले होते. एवढ्या गोड वागण्याचा तेव्हाच संशय यायला हवा होता.

वास गेला नाही.

चष्मेवाली आठवडाभर आईकडे फिरकली नाही. दुकानात काम होतं, हे खरं. पिंपाचं झाकण उघडून बघायची तिला धास्ती वाटत होती, हेही खरंच. मग एका दुपारी वहिनीचा फोन आला. "आईंनी बोलावलंय. आम्ही इथेच आहोत."

गल्लीच्या वळणावरच तिला वास आला. घराचं दार सताड उघडं होतं. पिंप ओढून मागच्या पायरीवर आणलेलं, झाकण बाजूला ठेवलेलं. वर तरंगणारी सालं काळपट पडली होती. थोरला भिंतीला टेकून उभा होता. वहिनी स्वयंपाकघरात बाटल्या पुसून खोक्यात भरत होती. आई टेबलाशी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"शेजारचा शिंपी आला होता," आई म्हणाली. "आमची गटार तुंबलीय का, विचारायला."

चष्मेवाली समोरच्या खुर्चीवर बसली. वाटेत जुळवलेलं वाक्य तिने उगाच म्हणून पाहिलं. "द्राक्षं जरा जास्त पिकली होती ना आई..."

"पुरे," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी गाळालाच वास होता का?"

चष्मेवालीने थोरल्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"होता," ती म्हणाली.

"कसला?"

"नासक्या अंड्यांसारखा."

आईने मान हलवली, जणू आता कुठे तिला तो वास आला. "मला वास येत नाही हे मला केव्हाचं माहीत आहे. माझंच नाक आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू गावभर सांगत सुटली होतीस, आईचं नाक ठणठणीत आहे म्हणून. तुला खोटं पाडू?" आई जराशी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "म्हटलं, चालवून नेऊ. आणि चाललं होतं. मी वाकायचे, श्वास घ्यायचे आणि तुमच्या तोंडांकडे बघायचे. दूध नासलंय की नाही, ते तुझ्या नाकाच्या शेंड्यावर दिसतं. लहानपणापासून दिसतं. तू आलीस की तुझ्यावरून सगळं कळायचं मला. तू नसलीस, की धाकट्यावरून. त्या दिवशी तुम्ही तिघं होतात. म्हटलं, तिघांतलं एक तरी नाक मुरडेल. तर तिघंही आपली फोटोला बसल्यासारखी."

तो चेहरा सरळ ठेवण्यासाठी तिने किती जोर लावला होता, ते चष्मेवालीला आठवलं. आईच्या भल्यासाठी ती जे करत होती, त्यानेच आईचे उरलेसुरले डोळे तिने झाकून टाकले होते.

"आम्हाला वाटलं, तुला वाईट वाटेल," ती म्हणाली.

"वाटलं असतं. घटकाभर बसले असते तोंड पाडून. मग पुडी आणायला पाठवलं असतं कुणाला तरी, आणि खेप वाचली असती." आईने पायरीवरच्या पिंपाकडे पाहिलं. "द्राक्षं चांगली होती रे यंदा."

ते ऐकून थोरला बाहेर निघून गेला. अंगणात त्याने पिंप कलतं केल्याचा आणि सगळं भसकन नालीत गेल्याचा आवाज आला. मग नळ सुरू झाला.

"मी थोरल्याकडे जायचं म्हणतेय," आई म्हणाली. "आजच."

"का? दादा म्हणालाय ना, तू इथेच राहा म्हणून? शेगडी बसवणार आहे तो." चष्मेवाली उठून तिच्याजवळ आली, खाली बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी रोज येईन आई. दुकानातून सरळ इथे. सगळं बघत जाईन."

"येशील," आई म्हणाली. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "येशील, आणि काही जळत असलं, तरी मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसशील."

आवाजात राग नव्हता. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती.

"मला इथे एकटीला राहता आलं असतं गं," आई म्हणाली. "वास नाही आला म्हणून काय झालं? फक्त घरात येणारं माणूस खरं बोलणारं हवं होतं. तुझ्यावर टाकून मी निश्चिंत होते."

"मग दादा तरी कुठे बोलला? तोही गप्पच होता."

"दादासाठी कुठे जातेय मी?"

आईने स्वयंपाकघराकडे हनुवटीने खूण केली. वहिनी पाठमोरी होती, बाटल्या कागदात गुंडाळत होती.

"ती बोलणार होती," आई म्हणाली. "तोंड उघडलंच होतं तिने. तू तिला चाळण आणायला पाठवलंस."

वहिनीचे हात थांबले. ती वळली, हातातला कागद तसाच धरून. "पण आई, मी आधीच सांगून ठेवते. माझ्याकडे भाजीत मीठ मीच घालणार."

"घाल," आई म्हणाली. "तुझं मीठ कमी असतं. मी तोंडावर सांगेन."

"सांगा."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. आई खुर्चीच्या दांडीवर जोर देऊन उठू लागली, तशी चष्मेवालीने आधार द्यायला हात पुढे केला. पण वहिनी आधीच येऊन पोचली होती, आणि आईने तिचाच दंड धरला. दोघी कपाटाकडे गेल्या. कोणते कपडे न्यायचे यावरून तिथे लगेच वाद सुरू झाला. चष्मेवाली फरशीवर बसून तो ऐकत राहिली, आणि पुढच्या रविवारपासून आपण दादाच्या घरी जाताना दार वाजवायचं की सरळ आत जायचं, हे तिला काही केल्या ठरवता येईना.